नाराज गिऱ्हाईक

सरांच्या अंगावर सरळ अशी एकही वस्तू मी कधी पाहिली नाही. शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब. खांद्यावरच्या झोळ्याचा एक बंद आखूड, त्यामुळं झोळा कायम पोटावर आडवा आलेला. चपलांतली एक चालताना कुरकुरायची, दुसरी गप्प असायची. तुळजापूरच्या बाजारात एखादा नवा दुकानदार त्यांच्याकडं टक लावून बघायला लागला की शेजारचा त्याला हळूच सांगायचा, "प्राध्यापक हायत. पोरं जे बनवतेत ते घालतेत."

ते खरंच होतं. तुळजापूरजवळच्या आमच्या विद्यापीठाच्या आवारात सर सामाजिक उद्योजकता हा विषय शिकवायचे. हा विषय शिकायचा म्हणजे वर्षभर एखाद्या गावातल्या गटाबरोबर राहून एक धंदा उभा करायचा. असा धंदा, की गावाची एखादी अडचण सुटावी आणि गटातल्या माणसांची चूलही त्यावर पेटावी. दरवर्षी मुलं असे धंदे उभे करायची, आणि त्यातून जे काही बाहेर पडायचं ते सर रोख पैसे देऊन विकत घ्यायचे. घेऊन कपाटात ठेवायचे नाहीत. वापरायचे. आणि मग भांडायला जायचे.

भांडायला म्हणजे खरोखरच. शिवणगटाच्या बायकांसमोर दोन्ही हात पुढं करून उभे राहायचे आणि विचारायचे, "हे दोन हात एकाच माणसाचे हायत की दोघांचे?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि बाही आखूड करून द्यायच्या. मग दुसरी लांब वाटायला लागायची. सर पुन्हा जायचे.

"दया आली म्हणून घेतलेली वस्तू कपाटात जाती," ते आम्हाला सांगायचे. "आणि कपाटातल्या वस्तूची कुणी दुसऱ्यांदा मागणी करत न्हाय. मी वापरतो. मला त्रास झाला की मी बोलतो. बोलणारं गिऱ्हाईक मिळालं की समजायचं, आपला धंदा जिवंत हाय."

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा हात धुवायला मोरीत गेलो. साबण फिरवला, फिरवला, फेस काही येईना. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून मी तसेच हात चोळत उभा राहिलो. बाहेरून काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा आवाज आला. "अहो, तो नका घासू. तो तीन वर्षांपूर्वीच्या पोरांचा आहे. डब्यामागं बघा, खरा साबण ठेवलाय. ह्यांना सांगू नका."

त्या घरात एक सौरकंदीलही होता, तो फक्त उन्हात लागायचा. चहाचे कप एका बाजूला कललेले होते, म्हणून चहा अर्धाच ओतायचा. काकू म्हणायच्या, "बाकीच्या प्राध्यापकांकडं विद्यार्थी पेढे घेऊन येतात. माझ्याकडं तक्रार निवारायला येतात." दिवाळीत सर मुद्दाम तेरखेड्याला जाऊन तिथले फटाके आणायचे. पहिला फटाका वाजला की काकू दारातून म्हणायच्या, "चला, वर्षातून एकदा तरी ह्या घरात सांगितल्यासारखं काही चालतंय." सर त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

वर्गात त्यांनी एक शब्द बंद केला होता. लाभार्थी. बाकी सगळ्या वर्गांत तो शब्द सर्रास चालायचा, आमच्याही तोंडात बसलेला होता. पण सरांच्या तासाला कुणी "आमच्या प्रकल्पाचे लाभार्थी" असं म्हटलं की सर खडू खाली ठेवून शांतपणे बाहेर जायचे. व्हरांड्यात उभं राहून, पाठमोरेच विचारायचे, "बदलला का शब्द?" आतून कुणीतरी ओरडायचं, "गिऱ्हाईक, सर." मग आत. एकदा बाहेरगावचे एक मोठे पाहुणे व्याख्यानाला आले होते. त्यांच्या बोलण्यात तो शब्द इतक्यांदा आला की सरांनी ते सगळं व्याख्यान व्हरांड्यातल्या खिडकीतूनच ऐकलं.

आणि तास संपताना शंका विचारायची त्यांची रीत नव्हती. हात झटकत ते एवढंच म्हणायचे, "तक्रार?"

मुलं तक्रार करायची. शहरातून आलेली, चांगल्या कॉलेजांत शिकलेली मुलं. फळ्यावरचं दिसत नाही, उदाहरण जुनं झालं, काल तुम्ही उलटं बोलला होता. सर खुलायचे. शेवटी त्यांची नजर माझ्यावर यायची. मी शेवटून दुसऱ्या बाकावर. मी म्हणायचो, "नाही सर. सगळं छान."

"सगळं?"

"हो सर."

"हं," म्हणायचे आणि जायचे.

मला तक्रार करायचा काय अधिकार होता? मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. गोंदियाकडच्या एका तळ्याकाठच्या गावचा. वडील आजारी पडल्यावर राइस मिलमध्ये पोती उचलली, मग ट्रकवर क्लीनर, मग एका संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर. मागच्या सीटवर साहेब लोक बसायचे आणि गावांबद्दल बोलायचे, मी आरशातून ऐकायचो. सामाजिक उद्योजकता हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिसऱ्या गिअरमध्ये. संस्थेतल्या एका ताईंनी मागं लागून मला मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा द्यायला लावली, मग पदवी करून घेतली, आणि मग इथला अर्ज भरून दिला. एवढ्या लोकांनी हात दिल्यावर इथवर आलेलो. कुणीतरी एक दिवस येऊन म्हणेल, अहो, चूक झाली, तुम्ही निघा, असं मला रोज सकाळी वाटायचं. मेसमध्ये ज्वारीची भाकरी असायची. मी भाताचा माणूस, ती घशाखाली उतरायची नाही, पण मी वाढणाऱ्या मावशींनाही रोज सांगायचो, छान आहे. पॅन्टला नवीन भोक पाडून पट्टा आवळत होतो, तरी छानच.

प्रवेशाच्या मुलाखतीत चारपाच जण समोर होते. मी व्याख्या पाठ करून गेलो होतो, ती घडाघड म्हटली. टेबलाच्या कडेला एक गृहस्थ शाई गळणाऱ्या पेनाशी झटत होते. त्यांनी बोटं कागदाला पुसली आणि विचारलं, "तुम्ही सुट्टीवर गेलात की जीप कोण चालवायचं?"

"मी सुट्टी घेतली नाही कधी, सर."

"आजारी पडलात तर?"

"तरी चालवायचो."

मला वाटलं, कामसू आहे म्हणून खूश होतील. त्या गृहस्थांनी, म्हणजे सरांनीच, पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तुमचं शिक्षण सगळ्यात अवघड जाणार." मी घरी फोन करून आईला सांगितलं की झालं नाही. यादीत माझं नाव लागलं तेव्हा तिला परत फोन करायची मला लाज वाटली.

माझ्या वाट्याला लोहारा तालुक्यातलं एक गाव आलं. तिथली अडचण पहिल्या आठवड्यातच कळली. सोयाबीनवर फवारणीचे दिवस आले की पाठीवरचे बॅटरी पंप हमखास बंद पडायचे. कुणाची बॅटरी बसायची, कुणाच्या नोझलमध्ये औषधाचा गाळ अडकायचा, कुणाचं बटण गंजायचं. दुरुस्तीला तालुक्याला किंवा सोलापूरला जायचं म्हणजे दिवस मोडला, आणि अळीला तेवढा एक दिवस पुरतो. गावात बायकांचा एक बचत गट होता. त्यातल्या बहुतेक जणी मजुरी करणाऱ्या. मला गाडीच्या कामामुळं हत्यारं धरता यायची. म्हटलं, ह्यांना पंप दुरुस्ती शिकवू.

गटाच्या प्रमुख मुक्ताबाई. उंच, कमी बोलणाऱ्या, माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मोटर उघडून बघितली आणि म्हणाल्या, "हे तर मिक्सरच हाय की." आमचं जमून गेलं. मी भाकरी चिवडत बसतो हे त्यांनीच पकडलं, आणि माझं नाव भातवाले भाऊ ठेवलं.

समाजमंदिराची एक खोली मिळवली. स्वतः रंग आणून पाटी रंगवली: सदैव आपल्या सेवेत, केव्हाही या. वेळ दहा ते पाच, एखाद्या ऑफिससारखी. पाटीचा मला फार अभिमान होता. आणि धंदा चालला. म्हणजे मी चालवला. सकाळी कुलूप मी उघडायचो, सोलापूरहून सामान मी आणायचो. पंप आधी मी उघडून बिघाड शोधायचो आणि मग बायकांच्या हातात स्क्रू आवळायला द्यायचो. पंप यायचे ते औषधानं माखलेले, टाकीच्या गळ्याशी पांढरी खपली धरलेले. कुणाला परत कसं पाठवायचं? मी हसून घ्यायचो आणि धुवायला बसायचो. मी एकटा पुरायचो नाही, मग मुक्ताबाई बसायच्या.

"भाऊ, तुमी बसा की जरा," त्या म्हणायच्या.

"नाही ताई, तुम्ही बसा."

सरांनीही आमच्याकडून एक जुना पंप दुरुस्त करून घेतला होता. मीच नेऊन दिला होता त्यांच्या घरी. सरांच्या घरामागं चार आंब्याची झाडं, त्यांच्यावर तो पंप चालायचा. पुढं सर तो पंप पाठीवर अडकवून वर्गातही यायला लागले. "पट्टा रुततोय," फळ्याकडं तोंड करून ते सांगायचे, "आठवडा झाला, अजून खांदा दुखतोय. ऐकताय न्हवं, लोहाऱ्यावाले?" मी पट्ट्याला कापड शिवून दिलं. मग म्हणाले, कापड भिजतं. रेक्झिन लावून दिलं. मग म्हणाले, घाम येतो. सगळा वर्ग हसायचा आणि मी रात्रभर पट्ट्याचा विचार करायचो.

आता त्या परीक्षेबद्दल सांगायला हवं. सरांच्या विषयाला लेखी पेपर नव्हता. गैरहजेरी हाच पेपर. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपला धंदा सोडून पंधरा दिवस लांब जायचं. फोन बंद. ह्या पंधरा दिवसांत सर स्वतः कधीतरी त्या गावात जाणार, ओळख न सांगता, गिऱ्हाईक होऊन. धंदा चालू दिसला तर विद्यार्थी पास. बंद पडला असेल तर नापास. "तुम्ही नसल्यावर जे बंद पडतं, ती तुमची नोकरी होती," सर म्हणायचे. "तो गावाचा धंदा न्हवता."

ह्या पेपरात नापास झालो तर माझी शिष्यवृत्ती बंद होणार होती. शहरातली मुलं वर्ष पुन्हा करू शकत होती. माझ्यासाठी नापास म्हणजे गाशा गुंडाळून परत, जीप तरी मिळते का बघायचं, आणि त्या ताईंना काय तोंड दाखवायचं. आणि पास झालो, तर त्याचा अर्थ असा की तिथं माझी गरजच नाही.

त्यात सरांनी मला तारीख दिली ती ऐन ऑगस्टमधली.

"सर, दिवाळीनंतर जातो," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांकडं काही मागितलं असेल. "आत्ता फवारणी जोरात आहे. बायका गोंधळतील."

"दिवाळीनंतर पंप माळ्यावर असतेत," सर म्हणाले. "उंदीर येतील का दुरुस्तीला? आत्ताच जा. घरी जाऊन किती दिवस झाले?"

इथं आल्यापासून मी घरी गेलोच नव्हतो. सुट्टीत गेलो तर आपली जागा राहील का, असं वाटायचं.

"आईला भेटा. भात खा," सर म्हणाले. मग म्हणाले, "बघा, आमचं घर देवीच्या पुजाऱ्यांचं. पिढ्यान्पिढ्या आमच्या दारात हात जोडलेली माणसं येतात. लहानपणापासनं बघतोय मी. हात जोडलेल्या माणसाला एक गोष्ट जमत न्हाय."

"काय सर?"

"त्याच्या हातात काही धरताच येत न्हाय. आधी सोडावे लागतेत ते."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. मी हो सर म्हटलं.

निघताना मुक्ताबाईंना किल्ली दिली. काय काय करायचं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. त्या म्हणाल्या, "जावा भाऊ. आमी काय पंप खाणार न्हाय."

सोलापूरहून नागपूर, नागपूरहून गोंदिया. घरी पोचलो तर आई म्हणाली, "काऊन आला रे मधातच? काढलं का तुले?" मी हो म्हणता म्हणता नाही म्हटलं. पंधरा दिवस भात खाल्ला, तळ्यावर बसलो, आणि बंद फोन खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवत राहिलो. आईनं शेवटी तो घेऊन तांदळाच्या कणगीत पुरला. म्हणाली, "राहू दे तिथं. भिजन तं नाही."

परतलो तो थेट लोहारा तालुक्यातल्या माझ्या त्या गावी. जीपमधून उतरून गावात शिरलो आणि समाजमंदिरासमोर थांबलो. खोलीला कुलूप. पाटी नाही. पाटीचे दोन खिळे तेवढे भिंतीत होते. भर दुपार, दहा ते पाचमधलीच वेळ. मी पायरीवर बसलो. मला आठवतं, मी पहिला हिशेब केला तो बॅग किती वेळात भरून होईल ह्याचा.

मुक्ताबाई शेतातून येताना दिसल्या. डोक्यावर गवताचा भारा. मला बघून त्यांनी भारा खाली टाकला. "आलात व्हय? तब्येत सुधारली की."

"ताई, बंद पडलं का?"

"काय?"

"दुकान."

"दुकान बंद केलं," त्या म्हणाल्या. "काम न्हाय बंद. आमी दिवसा मजुरीला जाताव. दहा ते पाच हितं कोण बसंल? तुमी बसत हुता म्हून चाललं. आता सकाळी दूध डेरीवर बसताव. सगळं गाव दूध घालाया येतं, तिथंच पंप घेताव, सांजच्याला माझ्या घरी वसरीवर करताव, सकाळी डेरीवर परत. तुमची पाटी लई चांगली निघाली भाऊ. तिच्यावर बॅटऱ्या मांडल्यात."

बॅगेचा हिशेब मी सोडून दिला. आणि मग त्या सहज म्हणाल्या, "एक म्हातारं आलतं मधी. वाकड्या झोळ्याचं. बाह्या अशा खालवर. घाण पंप घिऊन."

मी उभा राहिलो.

"म्या म्हणलं, आजोबा, आदी धुऊन आणा. आता असा नेमच केलाय आमी. न धुता पंप घेत न्हाय. तर ते निघालं हापशाकडं. म्या आडवी गेले. हापशावर न्हाय, म्हणलं, लेकरं पाणी पितेत तिथलं. ज्यानं त्यानं आपल्या शेतात धुवायचा. तर म्हणतंय, माझी झाडं तुळजापूरला हायत. म्या म्हणलं, मग तुळजापूरला धुवा."

"मग?"

"मग काय. गेलं पंप पाठीवर घिऊन. लई वाद घातला पर. मी कोण हाय ठावं हाय का, म्हणत हुतं. म्या म्हणलं, कोन का असंना."

मी डोक्याला हात लावला. परीक्षकालाच हाकललं होतं. मुक्ताबाईंना तसं काही सांगितलं नाही, कारण तेवढ्यात त्यांनी भारा उचलायला हात पुढं केले आणि मला त्यांचे तळवे दिसले. बोटांच्या पेरांवर कातडी नवी, गुलाबी, नुकती धरलेली. मी जायच्या आधी त्या हात पदराखाली ठेवायच्या, सोललेली बोटं कधी दिसली तर ते मी शेतकामाचं समजलो होतो.

"हे औषधानं?" मी विचारलं.

"व्हय. आता बरं हाय. धुणं बंद केल्यापासनं."

"मला बोलला का नाही, ताई?"

मुक्ताबाईंनी भारा डोक्यावर घेतला. "तुमी कुणाला न्हाय म्हणत न्हवता," त्या म्हणाल्या. "मग तुमाला न्हाय कसं म्हणावं?"

मी त्याच दिवशी तुळजापूरला सरांच्या घरी गेलो. माफी मागायची, आणि नापास झालो तरी गटाचं नाव खराब करू नका म्हणायचं, एवढं वाटेत ठरवलं होतं. काकूंनी दार उघडलं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बसा. त्या दिवसापासून हे गुणगुणताहेत घरात. काय केलंत तुम्ही लोकांनी ह्यांना?"

सर मागच्या अंगणात होते. मी वाक्य सुरू करायच्या आत म्हणाले, "या, या. मला परत पाठवलं."

"सर, त्यांना माहीत नव्हतं..."

"तेच तर." सर पाटावर बसले, मलाही बसवलं. "इतकी वर्षं मी गावोगाव भांडत हिंडतो. कुणीच माझ्याशी भांडत न्हाय. सर आलेत म्हणून चहा, सर आलेत म्हणून आमचंच चुकलं. एका बाईनं मला बघून सांगितलं, तुमचं चुकलंय. मी एवढ्या लांब आलो पंप धुवायला. तुमच्या काकू म्हणाल्या वेड लागलंय. धुतला, वाळवला, दुसऱ्या दिवशी परत गेलो. डेरीवर माझ्यापुढं दोन शेतकरी होते. त्यांचं आधी घेतलं. माझं सांजच्याला." त्यांनी पंपाचं बटण दाबलं, बारीक फवारा आंब्याच्या पानांवर उडाला. "बघा. आणि पट्टासुद्धा बसवून दिला. आता रुतत न्हाय."

मी पट्टा ओढून बघितला.

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" सरांनी विचारलं.

"मी धुऊन दिला असता, सर."

"आणि तुमच्या नंतर?"

"मुक्ताताईंनी धुतला असता."

"हं."

मग सर म्हणाले, "पेपर पास झाला. गटाचा झाला म्हणजे तुमचा झाला, कागदावर. पण तुमचा खरा राहिलाय. तो मी घेईन कधीतरी." मग उठता उठता नेहमीसारखं, "तक्रार?"

"नाही सर."

"बघा," ते म्हणाले.

पदवी मिळाल्यावर मी गोंदियाला परत गेलो नाही. आसपासच्या पाचसहा गावांत असे गट उभे राहिले. त्यांना सुट्टं सामान पुरवायला कुणीतरी लागत होतं, म्हणून त्या सगळ्या गटांनी मिळून लोहाऱ्यात जीपच्या थांब्याजवळ एक गाळा भाड्यानं घेतला आणि मला तिथं बसवलं. मुक्ताबाई आता माझ्या मालकीण आहेत. दर महिन्याला येऊन कामाची चौकशी करतात. भाकरी मला येते आता, चांगली येते. सर निवृत्त झाले. सणाला फोन करतो. अजून रोज सकाळी कुलूप उघडताना वाटतं की कुणीतरी येऊन म्हणेल, निघा. सवय जात नाही.

ह्या वर्षी आंब्याला मोहोर आला त्या दिवसांत, एका सकाळी गाळ्यासमोर काळी-पिवळी जीप थांबली आणि टपावरून पंप उतरला. मागोमाग सर. केस पांढरे झालेले, शर्ट नवीन, बाह्या जुन्यासारख्याच. गाळ्यात दोन शेतकरी बसलेले होते, आणि नोझल घ्यायला आलेल्या मुक्ताबाई.

"मोहरावर तुडतुडे पडलेत," सर म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "पंप बंद पडलाय. आत्ता पाहिजे."

माझे हात आपोआप पुढं गेले. माझ्यासाठी एवढं केलेलं माणूस, एवढ्या लांबून आलेलं, ह्या वयात. पट्टा हातात घेतला आणि मग टाकीचा गळा दिसला. पांढरी खपली, जाड. वास आला. सरांनी धुतला नव्हता. सर विसरणारे नव्हते.

मुक्ताबाई नोझल उन्हाकडं धरून भोक तपासत राहिल्या.

मी पट्टा सोडला. म्हटलं, "सर, आधी धुऊन आणा."

"मी तुळजापूरहून आलोय."

"हो सर."

"माझी झाडं तिथं हायत. हितं कुठं धुऊ?"

"मग तुळजापूरला धुवा, सर."

दोन्ही शेतकरी माझ्याकडं बघायला लागले. सरांनी पंप उचलला, पाठीवर घेतला, पट्टा नीट केला. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही, मी काउंटरवरचे वायसर गोळा करत राहिलो. चप्पल कुरकुरत थांब्याकडं गेली.

मान वर केली तेव्हा काळी-पिवळी भरत आली होती. सर खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या माणसाला मोठ्या आवाजात माझी तक्रार सांगत होते. लई ताठ दुकान हाय, न धुता हातच लावत न्हायत, मी एवढा लांबून आलो तरी परत पाठवलं, उद्या परत यावं लागंल. हात हलवत सांगत होते, एक बाही लांब, एक आखूड, आणि तो माणूस त्यांच्या हसऱ्या तोंडाकडं गोंधळून बघत होता. जीप सुटेपर्यंत त्यांचं सांगून झालं नव्हतं.